घारापुरीला यायचं तर माणसासारखं या

सोमवारी लेणी बंद असतात. रविवारीही येऊ नका, असं माझं स्पष्ट सांगणं आहे, कारण रविवारी घारापुरीवर जे चालतं त्याला पर्यटन म्हणायची माझी तयारी नाही. लाँचमागून लाँच धक्क्याला लागते. शेकडो माणसं उतरतात, धापा टाकत पायऱ्या चढतात, मोठ्या लेण्यात शिरून मूर्तीकडे पाठ फिरवून फोटो काढतात, खाली येऊन भजी खातात, रिकाम्या बाटल्या कठड्यापलीकडे भिरकावतात आणि ‘काही खास नाही हो’ असं म्हणत परतीच्या लाँचमध्ये जागा धरतात. अडीच-तीन तासांत बेट उरकलेलं असतं. मला चीड आहे ती या उरकण्याची.

माझं माहेर मोराबंदरचं, सासर राजबंदरचं. धक्क्यावर तुम्ही उतरता ते शेतबंदर. या तीन वस्त्या मिळून आमचं गाव होतं आणि त्यात बाराशेच्या आसपास माणसं राहतात. उरण तालुका, रायगड जिल्हा, स्वतंत्र ग्रामपंचायत. इथे लोक जन्मतात, लग्नं करतात, मासे मारतात, भांडतात, मरतात. पण गेटवेवर तिकीट काढणाऱ्या दहा माणसांना विचारा, त्यातल्या नऊ जणांना या बेटावर गाव आहे हेच ठाऊक नसतं. त्यांच्या लेखी मुंबईने सहलीसाठी राखून ठेवलेली ही जागा आहे आणि आम्ही तिथले नोकर. तुम्ही दुसऱ्याच्या गावात येताय, हे ज्याला उतरताना आठवत नाही त्याला कुठलाही नियम सांगून उपयोग होत नाही. तरी सांगते.

आधी जिवाचं बोलू. 18 डिसेंबर 2024 ला दुपारी गेटवेहून आमच्याकडे निघालेल्या प्रवासी लाँचवर नौदलाची स्पीडबोट येऊन आदळली. त्या बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. लाँचवर शंभराहून अधिक माणसं होती. 15 जीव गेले, त्यांत लहान मूलही होतं. आसपासच्या बोटी मदतीला धावल्या म्हणून बाकीचे वाचले. हा तासाभराचा प्रवास आमच्या रोजच्या जगण्याचा आहे. दवाखाना, बाजार, कॉलेज, कोर्टकचेरी सगळं याच पाण्यावरून. त्या दुपारी आमच्यातलं कुणीही त्या लाँचवर असू शकलं असतं. त्यानंतर लाइफ जॅकेट सक्तीचं झालं. आणि आता काय दिसतं? गेटवेचा धक्का नजरेआड होईपर्यंत जॅकेट अंगावर असतं. मग उकडायला लागतं, फोटोत कपडे दिसत नाहीत, म्हणून ते निघतं आणि बाकावर बुडाखाली जातं. आई स्वतःचं जॅकेट काढते, मग पोराचंही काढते. पंधरा माणसं मेली त्या पाण्यावरून जाताना हे चालतं. मी लाँचमध्ये असले की तोंड उघडते, आणि दर वेळी कुणीतरी मला सुनावतं, ‘तुम्ही तुमचं बघा.’

माझंच बघते आहे मी. बोट उलटली की घाबरलेला, पोहता न येणारा माणूस हाताला लागेल त्याला मिठी मारतो आणि सोबत घेऊन बुडतो. म्हणून ऐका. जॅकेटचे बंद आवळून बांधा, उतरेपर्यंत सोडू नका. मुलाला मोठ्या माणसाचं जॅकेट चढवू नका, ते पाण्यात डोक्यावरून निघून जातं. लहान मापाचं मागा. नसेल तर ती लाँच सोडा, दुसरी येते. लाँच खच्चून भरलेली दिसली तर चढू नका, मग लाँचवाला कितीही गोड बोलो. तुम्ही चढला नाहीत तरच त्याला भरणं परवडेनासं होईल. पावसाळ्यात वारा सुटला की बोटी बंद राहतात. त्या दिवशी ‘आम्ही नाशिकहून आलोय’ हे कारण समुद्राला सांगू नका. हिवाळ्यात लाँचमागे उडणाऱ्या कुरव पक्ष्यांना वेफर आणि गाठ्या फेकायचा खेळ चालतो, तोही थांबवा. तळलेलं, खारवलेलं खाणं त्यांचं नव्हे, आणि फेकून झालेल्या पिशव्या शेवटी आमच्याच खाजणात येऊन अडकतात.

खाजणाचं नाव निघालं म्हणून सांगते. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी धावते. म्हाताऱ्या माणसांसाठी, गुडघे दुखणाऱ्यांसाठी ती हवीच. पण तुमचे पाय धड असतील तर चाला. ओहोटी असेल तर दोन्ही बाजूंना चिखल उघडा पडलेला असतो. त्यात निवट्या उड्या मारतात, बारके खेकडे बिळांतून एक नांगी बाहेर काढून बसतात, बगळे अगदी शांत उभे असतात. तिवरांची मुळं चिखलातून वर आलेली दिसतात. ऑगस्ट 2010 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी दोन मालवाहू जहाजांची टक्कर झाली आणि सांडलेलं तेल इथवर आलं. ही मुळं काळी पडली, मासळी गेली, आणि वर्तमानपत्रांतून ती बातमी गेल्यावरही चिखल कितीतरी दिवस तेलकटच राहिला. ही तिवरं नसती तर किनारा कधीच खचला असता. त्यांच्यात तुमच्या बाटल्या, डायपर, बिर्याणीचे डबे अडकलेले मी रोज बघते. शहराचा कचरा भरतीबरोबर येतो तो वेगळा, तो अडवणं आमच्या हातात नाही. तुम्ही इथे उभं राहून टाकता तो अडवणं तुमच्या हातात आहे. ‘इथे डस्टबिन कुठे आहे?’ असं विचारणाऱ्यांना माझं एकच उत्तर असतं. भरलेली बाटली मुंबईहून उचलून आणलीत, तेव्हा ती जड होती. आता रिकामी आहे, हलकी आहे. परत न्या.

मग पायऱ्या लागतात, सुमारे 120. दोन्ही बाजूंना दुकानं आहेत. त्यातल्या पितळी मूर्ती, खड्यांच्या माळा, रंगीत हत्ती बहुतेक मुंबईच्या घाऊक बाजारातून येतात, आमच्या बेटावर घडत नाहीत. आवडलं तर घ्या, पण ‘इथली कला’ म्हणून घेऊ नका. इथलं हवं असेल तर टोपली घेऊन बसलेल्या बायकांकडे या. हंगामाप्रमाणे बोरं, कैऱ्या, चिंचा, काकड्या त्यांच्याकडे असतात. गेल्या थंडीतली गोष्ट. गळ्यात भलामोठा कॅमेरा असलेला एक गृहस्थ माझ्या मोठ्या जावेशी वीस रुपयांच्या बोरांवरून हुज्जत घालत होता. ती साठी ओलांडलेली बाई आणि हा चाळिशीचा, पण तो तिला ‘ए बाई’ म्हणत होता. ‘आमच्याकडे दहाला मिळतात.’ जाऊबाई म्हणाल्या, ‘मग तिथूनच घ्या दादा.’ तो हसला, बोरं न घेता तिच्या तोंडासमोर कॅमेरा धरून तीन-चार फोटो काढले आणि वर निघून गेला. विचारलं नाही, बोलला नाही. तिने पदर पुढे ओढला तोवर त्याचं काम झालेलं होतं. त्या बोरांसाठी ती पहाटे काट्यांत शिरली होती, हातांवर ओरखडे होते. ते त्या फोटोत आले असतील.

तेव्हा हेही लिहून ठेवा. बायकांना मावशी म्हणा, ताई म्हणा, काहीच जमत नसेल तर ‘अहो’ म्हणा. विचारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढू नका, मुलांचा तर नाहीच. भाव पटला नाही तर पुढे चला, पण परदेशी पर्यटकासमोर मुकाट दुप्पट मोजणारे तुम्हीच गावच्या बाईशी पाच रुपयांसाठी अर्धा तास हुज्जत घालू नका. डोलीवाल्यांशीही तसंच. जिवंत माणसं तुम्हाला खांद्यावर उचलून उन्हात पायऱ्या चढताहेत. त्यांना दर आधी विचारा, आणि वर पोचल्यावर ठरल्यातून कापू नका.

माकडांवर फार लिहीत नाही. त्यांना खायला घालू नका, एवढंच. ज्यांच्या हातात पिशवी दिसेल त्यांच्यावर झडप घालायला ती तुमच्याच लाडांनी शिकली. बाटलीचं बूच उघडून थंड पेय पिणारं माकड बघून तुम्ही टाळ्या पिटता. संध्याकाळी तुम्ही निघून जाता आणि तेच माकड आमच्या ओसरीवरच्या पोराच्या हातची भाकरी ओढतं. चावलं, तर पोराला घेऊन समुद्र ओलांडायचा.

आता लेण्यांविषयी. मला सगळ्यांत जास्त बोलायचं आहे ते इथेच.

मोठं लेणं म्हणजे एक नंबरचं. आत शिरल्या शिरल्या फोटो काढू नका. उन्हातून आलेल्या डोळ्यांना आधी काही दिसत नाही, दोन मिनिटं खांबापाशी नुसते उभे राहा. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, त्यामुळे दिवस चढतो तसा आतला उजेड सरकत जातो. दक्षिणेच्या भिंतीतला सदाशिव सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. तुमच्या डाव्या हाताचं मुख अघोराचं, मिशा आहेत, कपाळ आवळलेलं, हातात नाग. उजवीकडचं वामदेवाचं, कोवळं, जवळजवळ बाईचं, हातात कमळ. मधलं तत्पुरुषाचं, डोळे मिटलेलं. तिन्ही मुखं एकाच देवाची आहेत आणि घडवणाऱ्याने राग, शांती आणि माया एका दगडात शेजारी शेजारी बसवली आहे. हे कळायला पोथी लागत नाही. वीस मिनिटं उभं राहावं लागतं. रोज शेकडो माणसं येतात, आणि त्या मूर्तीसमोर वीस मिनिटं उभा राहणारा माणूस मला एका हंगामात मोजक्याच वेळा दिसतो.

शिवपार्वतीच्या लग्नाचा देखावा तर बहुतेक जण बघतही नाहीत. पार्वती मान खाली घालून उभी आहे. शिवाने तिचा हात धरलाय. तिच्या मागे उभं असलेलं माणूस तिला हलकेच पुढे करतंय. लग्नात कुठल्याही लाजऱ्या मुलीला तिच्या घरचे असंच पुढे करतात. दगडात ते लाजणं कुणीतरी पकडलं, दीड हजार वर्षांपूर्वी. खालचा भाग फुटलेला आहे, पाय गेलेत, तरी ती मान आणि तो खांदा बघा. सदाशिवाच्या एका बाजूला अर्धनारीश्वर आहे, दुसऱ्या बाजूला गंगाधर. समोरच्या दाराजवळ फुटक्या हातांचा नटराज आहे. हात तुटलेत तरी तो नाचतोच आहे. कैलास हलवणारा रावण आहे, अंधकासुराला मारणारा रौद्र शिव आहे. हे सगळं ‘पांडवांनी एका रात्रीत खोदलं’ असं सांगणाऱ्याला पैसे देऊ नका. शैली आणि सापडलेली नाणी यांवरून बहुतेक अभ्यासक हे काम सहाव्या शतकाच्या मध्याचं, कलचुरींच्या काळचं मानतात. नक्की कोणी खोदवलं ते सांगणारा एक शिलालेख इथे होता. तो पोर्तुगीजांनी काढला, आपल्या राजाकडे पाठवला आणि तो कायमचा हरवला. आमच्या बेटाने कधी स्वतःचं नाव लिहून ठेवलं होतं, ते असं गेलं.

आणि त्याच भिंतींच्या आसपास आज काय लिहिलं जातं? किल्लीने कोरलेले बदाम, बाण, आद्याक्षरं, बॅचचं वर्ष. 1987 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे, मूर्तींना हात लावू नका असं सांगणारी माणसं आहेत, तरी द्वारपालाच्या मांडीला टेकून उभं राहून फोटो काढला जातो. पोर्तुगीजांनी मूर्ती फोडल्या म्हणून शाळेच्या सहलीतले गुरुजी घसा कोरडा करून सांगतात आणि त्यांचीच पोरं मागे खांब खरवडत असतात. फोडणारे परके होते तेव्हा आपल्याला राग आला. आता खरवडणारे आपलेच आहेत, तर तो राग कुठे गेला? गुरुजी, पोरांना तिथेच थांबवा. त्यांच्या देखत त्यांच्या पालकांना फोन लावा. एकदा लावून बघा.

‘हत्ती कुठे आहे?’ हा प्रश्नही रोज येतो. राजबंदरच्या किनाऱ्याकडचा तो दगडी हत्ती 1864 मध्ये इथून हलवला. आज तो भायखळ्याला राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मुंबईकरांच्या दारात आहे, बघायला जा.

मोठं लेणं झालं की लोक वळतात. पुढची लेणी अर्धवट आहेत, कोरडी आहेत, म्हणून कुणी पाऊल टाकत नाही. वर डोंगरमाथ्यावर इंग्रजांच्या वेळच्या तोफा आहेत, तिथवर पिकनिकवाले जातात, बाटल्या घेऊन. पूर्वेकडच्या टेकडीवर बौद्ध स्तूप आहे, शैव लेण्यांहून जुना. तिथे कुत्रंही फिरकत नाही. राजबंदर-मोराबंदरच्या बाजूला रोमन बनावटीच्या कुंभांचे तुकडे मिळाले आहेत. म्हणजे जिथे माझी मुलं खेळली त्या किनाऱ्याला दोन हजार वर्षांपूर्वी पश्चिमेकडचा माल लागत होता. लेण्यांच्या आधीपासून हे बंदर होतं, गाव होतं. मला सांगा, अशा जागी येऊन ‘इथे बघायला काय आहे?’ असं विचारणाऱ्याला काय म्हणावं?

त्या गावात वीज आली 2018 च्या फेब्रुवारीत. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकली तेव्हा. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चालायचा आणि तो बंद झाला की कंदील. समोर मुंबई झगमगायची, पलीकडे न्हावा-शेव्याच्या बंदराचे दिवे रात्रभर जळायचे, आणि मधल्या बेटावर पोरं अंधारात अभ्यास करायची. वारसास्थळाचा फलक लागून तीस वर्षं उलटली होती. फलकाला उजेड लागत नाही, माणसांना लागतो, हे कुणाला सुचायला इतका काळ गेला. पुढच्या शिक्षणासाठी आजही समुद्र ओलांडावाच लागतो. बाळंतपण अडलं, रात्री कुणाच्या छातीत कळ आली, तर खवळलेल्या पाण्यात होडी घालणारा गावातलाच कुणी तरी असतो. पिण्याचं पाणी पावसाने साठवून दिलेलं, ते पुरवून पुरवून वापरायचं. लेण्यांपासून शंभर मीटरच्या आत नवं बांधकाम करायचं नाही, त्यापुढच्या दोनशे मीटरमध्ये परवानगी घ्यायची, हा कायदा आहे आणि तो हवाच. तो पाळण्याची किंमत आम्ही मोजतो. पाहुण्यांना रात्री राहायला बेटावर मुभा नाही, तेही आम्ही मान्य केलंय. ज्यांनी या दगडांसाठी एवढं सोसलं त्यांना चार तासांचा पाहुणा ‘तुम्ही इथे स्वच्छता का ठेवत नाही?’ असं विचारतो तेव्हा माझा तोल जातो. आणि जायलाच हवा.

‘पर्यटकांवरच तर तुमचं पोट चालतं,’ हे वाक्य ठेवणीतलं आहे. वाद सुरू झाला की ते बाहेर पडतंच. हो, चालतं. माझंही त्यावरच चालतं. म्हणून काय? मुंबईतल्या डॉक्टरचं पोट रोग्यांवर चालतं, त्याच्या दवाखान्यात जाऊन तुम्ही भिंतीवर नाव कोरता? पैसे दिल्याने माणसाला वस्तू मिळते, जेवण मिळतं, लाँचची जागा मिळते. दुसऱ्याच्या गावावर हक्क मिळत नाही. तुम्ही येऊ नये असं आमच्यातलं कुणीही म्हणत नाही. खरं तर तुम्ही जास्त वेळ थांबावं असं आम्हाला वाटतं. सकाळच्या पहिल्या लाँचने मधल्या वारी आलात, लेणं नीट बघितलंत, दुपारी एखाद्या घरगुती खाणावळीत मासळीभात जेवलात, तर गावात चार पैसे अधिक राहतील आणि तुमच्या हातीही काही लागेल. धावत येऊन धावत जाणारा माणूस गावाला कर देतो आणि कचरा देतो, बाकी काही नाही.

एक शेवटचं, तरुण पोरांसाठी. दारू घेऊन येऊ नका. किनाऱ्यावर पोहायला उतरू नका. इथे वाळू नाही, गाळ आहे, पाय धरून ठेवतो, आणि भरती चढायला लागली की तुमचा मित्र तुम्हाला ओढून काढू शकणार नाही. असल्या वेळी पाण्यात उडी घालणारी पोरं आमची असतात. तुमच्या नशेसाठी त्यांचे जीव टांगणीला लावायचा अधिकार तुम्हाला कुणी दिलेला नाही.

एवढं पाळणार असाल तर जरूर या. लेण्यावरून सरळ धक्क्यावर न उतरता राजबंदरला या, मोराबंदरपर्यंत चाला. तहान लागली तर कुठल्याही दारात पाणी मागा, कुणी नाही म्हणणार नाही. पाळणार नसाल तर येऊ नका.